चार नंबरची मिसिंग

सौंदड,
८ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांना लोकेशचा सविनय जयभीम.

वि. वि. इकडे आम्ही सारे सुखरूप आहोत. तुमची खुशाली ताईच्या फोनवरून मायला कळत असते आणि मायकडून मला. उन्हाळी धानाचं रोवणं आटोपलं. मायचे गुडघे पाण्यात उभं राहून दुखतात, पण ऐकते कोण? बांधावर बस म्हटलं तर म्हणते, मी बसली तर बाया गप्पाच हाणतात.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू जात नाही, आणि ताईच्या मोबाइलवर लिहून पाठवलं तर आधी ती वाचणार, मग जावई वाचणार. हे तुम्ही एकट्यानं वाचावं असं मला वाटते.

राइस मिलच्या आवारात मी जे बोललो, ते दोन महिने झाले तरी माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. तुम्ही गाडी मागे घेत होता, आम्ही सारे थांबा थांबा ओरडत होतो, तुम्हाला ऐकू आलं नाही आणि पोती उतरवणाऱ्या बिसरामकाकाचा पाय चाकाखाली आला. ते घडायचं घडलं. पण त्यानंतर मी तुमच्या हातातून चावी हिसकली आणि सगळ्या हमालांसमोर म्हणालो की बहिऱ्या माणसानं घरी बसावं. नेमकं तेवढंच तुम्हाला ऐकू आलं. तुम्ही खाली उतरलात, चप्पल घातली आणि दुसऱ्या दिवशी ताईकडे निघून गेलात. मी अडवलंसुद्धा नाही. बिसरामकाकाला दवाखान्यात नेण्याच्या धावपळीत होतो असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तुमच्याकडे पाहायची मला लाज वाटत होती.

आता दुसरी लाज. गाडी बिघडली आहे. सकाळी लवकर चालू होत नाही. झाली की उभ्या जागी थरथरते, सायलेन्सरमधून पांढरट धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास. भरलेली गाडी चढावर दम टाकते. गावात मी मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो की आता गाडी माझ्या हाती आली, पाहा कशी धावते. आता पोरं विचारतात की तुझ्या ट्रकला हिवताप झाला का.

कोणाला विचारू? विचारण्यासारखा माणूस एकच आहे आणि त्यालाच मी घराबाहेर काढलं. जमलं तर दोन ओळी लिहा. नाही लिहिल्या तरी माझं म्हणणं नाही.

तुमचा लोभ होता तसा राहो, एवढंच मागतो.

तुमचा,
लोकेश


बोदलकसा,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. लोकेश यास खुशालचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तलावाच्या पाळीवर बसून वाचलं. इथं माणसं कमी अन् पाणी जास्त, म्हणून मी दिवसभर तिथंच बसून राहतो. जावई मासे धरतात, मी जाळं निवडतो. जाळ्याले कान लागत नाई.

तू काऊन माफी मागून राहिला? तू खोटं तर बोलला नाई. मी बहिरा आहो. वर्षभरापासून आहो अन् कोणाले कळू दिलं नाई. लोक हसले का मी हसत होतो, लोकांनी मान हालवली का मी हालवत होतो. तुझ्या मायलेसुद्धा फसवलं. इथं मागच्या आठवड्यात मोनालीच्या सासरचा एक म्हातारा आला, काहीतरी बोलला. मी हसून म्हटलं, बरं झालं. सारे माझ्या तोंडाकडे पाहाले लागले. मग मोनालीनं कानाशी येऊन सांगितलं का त्याची बायको वारली होती. पोरीचं तोंड लाजेनं उतरून गेलं होतं. मी जेवलो नाई त्या दिवशी.

अशा माणसाले गाडीचं कायले विचारतो? ज्याले माणूस ओरडलेला ऐकू येत नाई, त्याले इंजिनचं काय ऐकू येईल? गोंदियाले घनश्याम मिस्त्री आहे, त्याच्याकडे घेऊन जा.

पण जाशील कसा? भररस्त्यात बंद पडली तर अजून हसं होईल. म्हणून लिहितो. घाई करजो नको. एका दिवशी एकच गोष्ट पाहाची, नाई तर कशानं बरं झालं ते कळत नाई.

आधी डिझेल फिल्टरच्या खालचा नट सैल करून भांड्यात थोडं डिझेल काढ. तळाशी पाणी बसलेलं दिसलं तर तोच रोग. नसलं तर पंपानं हवा धरली का ते पाहाचं. फिल्टरच्या वरचा स्क्रू ढिला कर अन् डिझेलचा हातपंप मारत राह. फेस निघाला तर हवा आहे, फेस थांबेपर्यंत मारत राहाचं. दोन्ही करून फरक पडला नाई, तर इंजिन चालू ठेवून डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल कर. ज्या नंबरच्या सिलिंडरले सैल केल्यावर इंजिन अजून लंगडते, तो नंबर काम करून राहिला. ज्याले सैल केलं तरी इंजिनले काहीच फरक नाई, तो मेलेला. तोंड दूर ठेवजो, डिझेल लय जोरानं उडते, डोळा जाईल.

मायले सांगजो गुडघ्याले एरंडाचं पान बांध.

बाकी काय लिहू? घराची आठवण आहे, घरानं माझी ठेवावी.

खुशाल


सौंदड,
१९ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांना सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मायनं माझ्याआधी फोडलं आणि चुलीपाशी बसून वाचलं. वर्षभर फसवलं त्यावर ती म्हणाली की मले सारं माहीत होतं, तो लपवून राहिला होता म्हणून मीही लपवलं. रात्री तुमच्या पाठीकडून बोलली तर तुम्ही उत्तर देत नव्हता, एवढ्यावरून तिला कळलं होतं. आता एरंडाचं पान बांधून फिरते आणि तुमच्यावर रागावल्यासारखं करते.

गाडीचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. फिल्टरमध्ये पाणी निघालं नाही, डिझेल स्वच्छ होतं. हातपंप मारून हाताला घट्टे पडले, पण फेस नाही. पहिल्या झटक्यापासून सरळ धार. मग एकेक पाइप सैल केला. बाकी सगळ्यांवर इंजिन लंगडलं. चार नंबरवर काहीच नाही. सैल केला तेवढंच, घट्ट केला तेवढंच. म्हणजे मिसिंग चार नंबरची, तोच मेलेला आहे. हे कळलं तेव्हा मला एवढा आनंद झाला की डिझेलनं माखलेल्या हातानं मायला बोलवायला घरात गेलो आणि पांढऱ्या भिंतीवर पंजा उमटवून आलो.

एक गोष्ट लिहू की नको असं करत होतो. लिहितो. बिसरामकाका रोज आपल्या अंगणात येऊन बसतात. प्लॅस्टर निघालं आहे, काठी लागते, हमाली आता जमत नाही. मिलवाल्यानं त्यांना काट्याजवळ पोती मोजायला बसवलं आहे. दुपारनंतर काम नसलं की इकडे येतात. मी पाइप सैल करत होतो तेव्हा तेच गाडीत बसून रेस देत होते, चांगल्या पायानं.

त्यांनी मला विचारलं की खुशालभाऊ काऊन येत नाही. मी काहीबाही सांगितलं. तेव्हा ते चिडले. म्हणाले, पाय माझा मोडला अन् तोंड तो लपवून राहिला, असं कसं चालेल? दवाखान्यात आला नाही, घरी आला नाही, मी काय त्याले मारणार होतो? शिव्या दिल्या असत्या, तेवढा हक्क होता माझा, तोही त्यानं देऊ दिला नाही. एवढं बोलून काठी घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले.

आता चार नंबरचं काय करू ते सांगा.

आमच्यावर माया असू द्या.

लोकेश


बोदलकसा,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. लोकेश यास अनेक आशीर्वाद.

चार नंबरची नोझल काढून दोन नंबरले लाव, दोनची चारले. मेलेपणा नोझलच्या मागं दोन नंबरवर गेला तर नोझल खराब. चारवरच राहिला तर नोझल बिचारी चांगली आहे, रोग आत आहे.

तसं झालं तर इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडासमोर कपड्याची एक चिंधी धर. सारखी बाहेर उडत राहिली तर ठीक. उडता उडता मधीमधी आत ओढल्यावानी झाली, तर एखादा धुराचा व्हॉल्व्ह जळला असं समजजो. हे मी माझ्या उस्तादापासून शिकलो. याले कान लागत नाई, डोळे पाहिजेत.

व्हॉल्व्हची फट धरणाऱ्या टॅपेटले मात्र हात लावू नको. ते मी दिवाळीच्या आधी स्वतः लावून ठेवले आहेत. जिल्ह्यात फट मोजाची फिलर पट्टी न घेता कानानं टॅपेट लावणारे एका हाताच्या बोटावर मोजावे इतके उरले, त्यातला एक तुझा बाप. घनश्यामलेसुद्धा विचारून पाहा. तिथं चूक नाई सापडाची.

बिसरामचं वाचलं. त्याचा पाय रात्री ठणकते का, ते विचारून लिहिजो. माझं नाव घेऊ नको.

मोनाली म्हणते गोंदियाले कानाचे डॉक्टर आहेत, मशीन लावून देतात. मी नाई म्हटलं. कानात मशीन घातली का साऱ्या गावाले दुरून दिसते. आता नुसतं बोलतात, मग बोट दाखवतील.

मनातून दूर करू नका, देहानं दूर आहोच.

खुशाल


सौंदड,
६ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांना सविनय जयभीम.

वि. वि. उत्तराला उशीर झाला. कळवायला आनंद वाटतो की गाडी ठणठणीत झाली. काही मोठं नव्हतं. मागे मी फिल्टर बदलला होता ना, तेव्हा पाइपाखालचा तांब्याचा वायसर जुनाच लावला होता. तिथून हवा ओढून राहिली होती. सारी माझीच चूक. नवा वायसर टाकला आणि मिसिंग गेली. काल भरलेली गाडी गोंदियाला नेली, चढावर कुठं दम टाकला नाही.

तुमच्या टॅपेटला मी हात लावला नाही. चिंता करू नका.

बिसरामकाकाचा पाय थंडीत ठणकत होता, आता ऊन पडायला लागलं तसा कमी आहे. तुमचं नाव घेतलं नाही, पण त्यांनी ओळखलं.

माय मजेत आहे. घनश्याम मिस्त्री मुक्कामी होते तेव्हा तिनं त्यांना लाखोळीची डाळ आणि भात खाऊ घातला. मिस्त्री म्हणाले की अशी डाळ गोंदियात मिळत नाही. तेव्हापासून रोज तीच डाळ चालू आहे. मोहफुलं पडायला लागली. सकाळी अंगणात वास येतो.

आता गाडी नीट झाली, तुम्ही घरी या. माझ्या तोंडून पुन्हा तसा शब्द निघणार नाही.

लहान समजून पदरात घ्या.

लोकेश


बोदलकसा,
११ मार्च २०२४

चि. लोकेश यास खुशालचे आशीर्वाद.

बाबू, तुले खोटं लिहिता येत नाई.

वायसरातून हवा आली असती तर सारं इंजिन अडखळलं असतं, एकटा चार नंबर मेला नसता. अन् तूच लिहिलं होतं का पहिल्या झटक्यापासून सरळ धार निघाली. हवा असती तर फेस आला असता. नोझल बदलून काय झालं ते तू लिहिलं नाई. सायलेन्सरपाशी चिंधीचं काय झालं तेही नाई. अन् वायसर बदलाले गोंदियाचा मिस्त्री मुक्कामी राहून डाळ-भात खात नाई. तो इंजिनचं हेड खोलाले आला होता. चार नंबरचा धुराचा व्हॉल्व्ह जळला होता. तो जळला कारण टॅपेट इतका आवळलेला होता का व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता. टॅपेट मी आवळला होता.

तुझं पत्र वाचून मी पाळीवर गेलो अन् दिवाळीच्या आधीचा तो दिवस आठवला. कव्हर खोलून बसलो होतो. पहिले कसं होतं, टिकटिक ऐकाची, स्क्रू फिरवाचा, टिकटिक बारीक झाली का थांबाचं. त्या दिवशी टिकटिक आलीच नाई. मले वाटलं, आपण बोटानं करू. बोट ठेवलं, अन् बोटाखालचं हालणं थांबेपर्यंत आवळत गेलो. माझ्या मनात आलं होतं का शेजारून फिलर पट्टी मागून आणावी. नाई आणली. पट्टी मागितली तर लोक म्हणतील, खुशालचे कान गेले. त्या दिवशी तू बाजूले उभा होता अन् तू विचारलं का बाबा, बराबर झाले का? मी म्हटलं, ऐक, कसं घड्याळावानी चालून राहिलं. मले स्वतःले काहीच ऐकू येत नव्हतं.

बिसरामचा पाय मोडला तेव्हा मी मनाची समजूत घातली होती का मागचं दिसत नव्हतं, ते कोणाच्याही हातून झालं असतं. पण इंजिन तर माझ्या बोटाखाली होतं. ते मीच मारलं, अन् वर तुले छाती फुगवून लिहिलं का तिथं चूक नाई सापडाची. ते वाक्य तुले आठवलं असेल तेव्हा कव्हर खोललेलंच असेल तुझ्यासमोर. तेव्हा तू हसला असता तरी चाललं असतं. तू सारं आपल्या अंगावर घेतलं. मिलच्या आवारात बोललेलं मले जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं, अन् यात राग कोणावर काढू तेही कळत नाई.

आज मोनालीसोबत गोंदियाले जाऊन आलो. डॉक्टरनं कान तपासले. उजवा पुरा गेला, डाव्यात थोडं आहे. डाव्यासाठी मशीन सांगितली आहे, मोजमाप घेतलं, येईल तेव्हा येईल.

रविवारच्या गाडीनं येऊन राहिलो. स्टँडवर कोणी घ्याले येऊ नका. मायले सांगजो, डाळ कमी कर.

तुझ्यासारख्याचा बाप म्हणून घ्याची लाज वाटते, ती माझी मलेच. तू लोभ ठेवजो.

खुशाल


सौंदड,
१८ मार्च २०२४

ती. मोनालीताईस लोकेशचा जयभीम. जावयांनाही सांग.

वि. वि. बाबा पोचले एवढं तुला मायनं फोनवर सांगितलंच. बाकीचं तिला फोनवर बोलता येत नव्हतं, कारण बाबा समोरच बसले होते आणि आता ते तोंडाकडे पाहून ओळखायला लागले आहेत. म्हणून मी लिहून राहिलो.

सकाळची बस येऊन गेली तरी बाबा घरी आले नाहीत. मायनं अंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं, ते निवलं, पुन्हा तापवलं. मला वाटलं, शेवटी आलेच नाहीत. कोणी घ्यायला येऊ नका म्हणाले होते म्हणून मी दबकत स्टँडकडे गेलो. पानठेल्यावाल्यानं सांगितलं की म्हातारा केव्हाचा उतरला, पण तुमच्या घराकडे नाही, बिसरामच्या मोहल्ल्याकडे गेला.

बिसरामकाकाच्या घरासमोर चार-पाच माणसं थांबलेली होती. दारातच बाबा उभे होते, हातात पिशवी तशीच. काका खाटेवर बसून खाली मान घालून बोलत होते, म्हणजे जे काही मनात साचलं होतं ते सारं काढत होते. दवाखान्यातल्या रात्रींचं, हमाली गेल्याचं, बायको गीताबाईला आता दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जावं लागते त्याचं. आवाज हळू होता. तुझ्या ओळखीचे ते बाबा असते तर त्यांनी मान हालवली असती आणि बरं बरं म्हणून बसून घेतलं असतं. मी मधे पडायला निघालो, म्हटलं काय चाललं आहे ते बाबांच्या कानाशी जाऊन सांगावं.

तेवढ्यात बाबांनी पिशवी खाली ठेवली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. म्हणाले, बिसराम, मले ऐकू येत नाही, मी बहिरा आहो. जोरानं बोल अन् तोंड वर करून बोल, तू काय म्हणून राहिला ते सारं मले ऐकाचं आहे.

 ताई, काकांनी मान वर केली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं, ओरडून. शिव्या दिल्या, त्याही ओरडून. सारा मोहल्ला ऐकत होता. गीताबाई आतून येऊन हळू बोला म्हणाली तर बाबांनीच तिला हातानं थांबवलं. ते खाटेच्या समोर जमिनीवर बसले आणि काकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. एक शब्द सुटला तर पुन्हा सांग म्हणत होते. मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो. माझं तिथं काही काम नव्हतं. रस्ताभर मला मिलच्या आवारातलं माझं बोलणं आठवत होतं. ज्या शब्दानं मी त्यांना खाली उतरवलं, तो शब्द त्यांनी आपल्या तोंडानं भर मोहल्ल्यात उच्चारला, आणि त्यांची मान खाली गेली नाही. माझीच गेली.

दुपार कलल्यावर घरी आले. अंघोळ केली, जेवले, दोनदा डाळ मागितली. माय पदरात तोंड लपवून हसत होती.

कळावे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन ये, सुकट विसरू नको, आणि या भावावर आहे तेवढी माया पुरे, कमी करू नको.

तुझा,
लोकेश